गुडिसन पार्क: एक खांब, एक पाय आणि हुकलेला गोल

रंकाळ्याचा वारा

मंडळी, हा धागा फेब्रुवारीतच काढायचा होता, आळसात राहिला. मग मे महिन्यात गुडिसन पार्कवर, म्हणजे लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या मैदानावर, पुरुष संघाचा शेवटचा सामना झाल्याचं वाचलं आणि म्हटलं, आता बसून लिहूयाच.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. आमच्या लहानपणी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा फुटबॉल सामना असला की घरात त्या दिवशी जेवणं लवकर उरकायची. त्यामुळे जानेवारीत भाच्याकडे मँचेस्टरला जायचं ठरलं तेव्हा बहिणीला सांगितलं, मला राजवाडा नको, संग्रहालय नको, एक सामना मैदानात बसून बघायचाय. भाचा लिव्हरपूल संघाचा कट्टर चाहता. पण ॲनफिल्डचं, म्हणजे त्यांच्या मैदानाचं, तिकीट ऐनवेळी मिळणं म्हणजे नवरात्रात अंबाबाईचं दर्शन रांगेशिवाय मिळण्यासारखंच. म्हटलं, मधल्या स्टॅन्ली पार्क बागेपलीकडे एव्हर्टन आहे की. भाच्याचा चेहराच पडला. "मामा, दुसरं काहीही मागा."

पण तो गुडिसन पार्कचा शेवटचा हंगाम होता. मैदान १८९२ सालचं. त्याआधी, १८८४ पासून, एव्हर्टन खेळायचं ते चक्क ॲनफिल्डवर. तिथले कर्तेधर्ते जॉन हाउल्डिंग यांच्याशी भाड्यावरून वाजलं, संघ उठून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गेला आणि रिकाम्या मैदानाचं करायचं काय म्हणून हाउल्डिंगनी नवा संघ काढला. तोच लिव्हरपूल. तालीम फुटून दुसरी तालीम निघण्याचे किस्से ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. भाच्याला मात्र मी हे दिवसातून दोनदा सांगत होतो.

भाच्यानं कुरकुरत सदस्यत्व काढलं आणि रोज सकाळी क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीच्या पानावर टपून बसून दोन तिकिटं मिळवली. एका ठिकाणची नाहीत, तो खाली, मी वर. माझ्या तिकिटावर आधीच लिहिलेलं, समोर अडथळा आहे. म्हटलं असूदे, शाहू स्टेडियमवर उभ्या गर्दीत पुढच्याच्या खांद्यावरून सामने बघितलेत, आणखी काय अडथळा असणार!

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार, दुपारी तीन, समोर लेस्टर. लिव्हरपूल सेंट्रलवरून लोकल पकडून कर्कडेलला उतरलो आणि निळ्या मफलरींच्या मागं चालत राहिलो. वाटेत सगळी विटांची बैठी चाळवजा घरं. एका गल्लीच्या टोकाला मान वर केली तर छपरांच्या वर स्टँड! रस्ता, फूटपाथ आणि लगेच स्टेडियमची भिंत. घरातून चप्पल घालून निघालं तर दोन मिनिटांत जागेवर बसता येईल.

मैदानाच्या एका कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च आहे. कोपऱ्यात म्हणजे दोन स्टँडच्या अगदी बेचक्यात. सामन्याच्या दिवशी त्यांच्या सभागृहात चहा मिळतो, जुन्या आठवणी जपणारी मंडळी तिथं कार्यक्रमपत्रिका, फोटो, तिकिटं मांडून बसतात. मी तिथंच रमलो. एक आजी चहाबरोबर केक घ्याच म्हणून मागं लागल्या. भाचा दोनदा म्हणाला, "मामा, चला," आणि शेवटी पुढं गेला.

आत शिरायचं फिरतं दार इतकं अरुंद की पोट आत घेऊनच जावं लागलं. बुलेन्स रोडच्या स्टँडखाली अंधारा बोळ, तिथं पायसाठी रांग. (पाय म्हणजे मांसाचं सारण भरलेला खारा पदार्थ, आपला नव्हे.) तीन वाजायला दोन मिनिटं कमी. वरून हवाई हल्ल्याच्या भोंग्यासारखा आवाज आला, मग एका जुन्या पोलिस मालिकेची ढोल-बासरीची धून. संघ मैदानात येताना ती इथं वाजतेच. मला वाटलं, आता ओळख होईल, हात मिळवतील, नाणेफेक होईल, वेळ आहे. एका हातात पाय, दुसऱ्या हातात चहा घेऊन जिना चढायला लागलो.

निम्म्या जिन्यात असताना स्टँड हादरला. खोटं नाही सांगत, पायाखालचं लाकूड थरथरलं. वर पोचलो तर एका अनोळखी गड्यानं मला कवटाळलं आणि चहा आम्हा दोघांच्या अंगावर. खेळ सुरू होऊन दहा सेकंद झाली होती. गोलरक्षक पिकफर्डनं लांब टोलवला, डुकूरेनं घेतला आणि आत. प्रीमियर लीगच्या काळातला गुडिसनवरचा सर्वात वेगवान गोल, आणि मी तेव्हा जिन्यात, पाय सांभाळत.

जागा लाकडी घडीची, बसताना चट्‌ आवाज करणारी. आणि समोर खांब. बारीकसारीक नव्हे, निळा रंगवलेला, भक्कम. डावीकडे झुकलं की एक गोलपोस्ट दिसतो, उजवीकडे झुकलं की दुसरा. दोन्ही गोलपोस्टच्या मधलं मैदान, समजून घ्यायचं. सहाव्या मिनिटाला बेटोनं दुसरा मारला तो मात्र बघितला, कारण तोवर शेजारच्या म्हाताऱ्यानं मला शिकवलं होतं. तो चेंडूबरोबर आधीच झुकायचा. खेळाडूनं पास द्यायच्या आत हा पलीकडे कललेला. चाळीसेक वर्षं त्याच खांबामागं बसून आलेली कला. आम्ही दोघं मग वारीतल्या टाळकऱ्यांसारखे एका ठेक्यात डावी-उजवी करत होतो.

मध्यंतराच्या जरा आधी बेटोचा दुसरा झाला, तीन शून्य, म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. तेव्हा त्यानं कोपऱ्यातल्या निशाणाकडं बोट दाखवलं. "माझे वडील तिथं आहेत." मला वाटलं त्या बाजूच्या रांगेत बसलेत. मी आपला हात केला, लांबून नमस्कार घातला. म्हातारा हसून हसून खोकायला लागला. मग म्हणाला, "बसलेले नाहीत रे, पुरलेत. राख."

गुडिसनच्या मैदानाच्या कडेनं शेकडो चाहत्यांच्या अस्थी पुरल्यात. घरचे लोक यायचे, क्लब परवानगी द्यायचा. पुढं जागाच उरली नाही म्हणून २००४ पासून ते थांबवलं. मी गप्प झालो. तो मात्र पायचा तुकडा तोंडात टाकून म्हणाला, "वडिलांना निदान खांब मधे येत नाही."

शेवटच्या मिनिटाला एंडियायनं चौथा मारला. चार शून्य. भाचा खाली हाताची घडी घालून बसलेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "डुकूरेचा भारी होता ना?" मी हो म्हटलं. अजून त्याला सांगितलेलं नाही. इथं वाचत असेल तर कळेलच.

भिंगरी

वडिलांना नमस्कार घातला ते वाचून ऑफिसात एकटीच फिदीफिदी हसले आणि पुढच्याच ओळीला घशात आलं. सावकाश लिहा पण लिहीत जा हो. फोटो?

शनिपाराचा शंकेखोर

लेख बरा आहे. शंका एक. खांबामागे बसून अर्धा सामना "समजून घ्यायचा", वर विमानाचा खर्च. घरी मोठ्या पडद्यावर सगळ्या कोनांतून दिसला असता, शिवाय दहाव्या सेकंदाचा गोल पाच वेळा दाखवला असता.

रंकाळ्याचा वारा

@शनिपाराचा शंकेखोर, तुम्हाला घरी दिसला असता, लिव्हरपूलकरांना नाही. इंग्लंडात शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच फुटबॉलचं थेट प्रक्षेपणच बंद असतं. लोकांनी घरात न बसता आपापल्या गावातल्या छोट्या संघाच्या सामन्याला जावं म्हणून १९६०च्या दशकापासूनचा नियम. म्हणजे तो सामना आपण पुण्यात लोळत बघू शकतो, पण मैदानाशेजारच्या गल्लीतल्या माणसाला नुसता गलका ऐकून अंदाज बांधावा लागतो.

निवृत्त अभियंता

खांबाबद्दल थोडं. आयुष्य शेड आणि गोदामं बांधण्यात गेलं म्हणून राहवत नाही. तुम्ही बसलात तो बुलेन्स रोडचा स्टँड १९२६चा, आर्चिबाल्ड लीच यांचा. हा स्कॉटिश माणूस मुळात कारखान्यांच्या इमारती करणारा. वरच्या सज्जाच्या कठड्यावर पोलादाच्या फुल्या-फुल्या दिसल्या असतील, ती त्याची खूण. त्या काळी छताचं वजन खालून खांबांवरच पेलायचे. मागच्या बाजूनं तोलून धरलेली, पुढे एकही टेकू नसलेली एवढी लांब छतं नंतरची. कारखान्यात यंत्रासमोर खांब आला तर कुणी तक्रार करत नाही, इथं आली एवढंच.

त्याच लीचनी ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं काम केलं होतं. १९०२ मध्ये तिथला लाकडी उंच सज्जा सामना चालू असताना मोडला, माणसं खाली पडली, २५ गेली. त्यानंतर ते मातीच्या भरावावर पायऱ्या बांधू लागले आणि गर्दीचा लोंढा अडवायला मधेमधे लोखंडी आडकाठ्या.

कॉपवाला बोरिवलीकर

भाच्याला माझा सलाम, फार सोसलं पोरानं. आम्ही २०१९ला ॲनफिल्डला जाऊन आलो, कॉपमध्ये, म्हणजे तिथल्या एका टोकाच्या स्टँडमध्ये बसलो. हे नाव कुठून आलं ठाऊक आहे? दक्षिण आफ्रिकेतली स्पायन कॉप नावाची टेकडी. जानेवारी १९००, बोअर युद्ध. तिथं लँकशायरकडचे खूप सैनिक मेले, म्हणून १९०६ साली बांधलेल्या उंच चढणीला स्थानिक वर्तमानपत्राच्या क्रीडा संपादकानं ते नाव सुचवलं. आणि त्याच टेकडीवरून जखमींना डोल्यांतून खाली वाहून नेणाऱ्यांत होते आपले मोहनदास गांधी आणि त्यांचं हिंदी शुश्रूषा पथक. कॉपमध्ये बसल्या बसल्या मी हे शेजारच्याला सांगितलं. त्याला खरं वाटेना, त्यानं तिथल्या तिथे फोनवर बघितलं, आणि नव्वद मिनिटं मला "गांधी" म्हणूनच हाक मारत होता.

मडगावकार

वा! गुडिसन म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट निघते. १९६६चा विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी, पोर्तुगाल विरुद्ध उत्तर कोरिया, त्याच मैदानावर. पंचवीस मिनिटांत पोर्तुगाल तीन शून्यनं मागे! मग युझेबियोनं एकट्यानं चार मारले, पाच-तीन. माझे बापूय (वडील) तेव्हा लिस्बनमध्ये होते, खानावळीतल्या रेडिओसमोर. तीन शून्य झाल्यावर मालकानं चिडून रेडिओ बंद केला, गिऱ्हाइकांनी भांडून परत लावला. पुढं आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर कुणी पहिल्या हाफला उठून जायला लागलं की ते ओरडायचे, "बस रे, गुडिसन विसरलास?"

निवृत्त अभियंता

आणखी एक, रसभंग होईल पण बोलतो. लाकडी खुर्च्या, लाकडी जमीन, अरुंद दारं, हे वाचायला गोड आहे. ११ मे १९८५ला ब्रॅडफर्डला असाच जुना लाकडी स्टँड पेटला. खाली वर्षानुवर्षांचा कागदाचा कचरा साठलेला. काही मिनिटांत सगळा स्टँड गेला, ५६ माणसं मेली. मागची दारं बंद होती. चार वर्षांनी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरची चेंगराचेंगरी. जुन्या मैदानाचा शेवटचा हंगाम आला की सगळे गळा काढतात, मीही काढतो, पण नवं बांधणाऱ्याला खलनायक करू नये.

कॉपवाला बोरिवलीकर

सर, मान्य. हिल्सबरोला मेलेले आमचे ९७ लिव्हरपूलवाले. ॲनफिल्डला त्यांच्या नावांसमोर उभं राहिलं की वयं वाचवत नाहीत. त्या दुर्घटनेनंतर तर वरच्या श्रेणीतली सगळी मैदानं फक्त बसायच्या जागांची झाली, कॉपमधलं उभं राहणं १९९४ला संपलं. आता २०२२ पासून कठड्याच्या खुर्च्या लावून परवानगीनं पुन्हा उभं राहता येतं.

आणि एक गोष्ट एव्हर्टनची म्हणून सांगतो. त्या वेळी शहरात लाल (लिव्हरपूल), निळं (एव्हर्टन) असं काही उरलं नव्हतं. स्टॅन्ली पार्कमधून दोन्ही मैदानांच्या मधे मफलरींची साखळी बांधली होती लोकांनी.

डॉर्टमुंडचा पाहुणा

खर्चाचा विषय निघालाय तर जर्मनीला या. आमच्याकडे दक्षिणेचा स्टँड एकटाच जवळपास २५ हजारांचा, सगळे उभे, पिवळी भिंत म्हणतात ती. उभ्याचं तिकीट स्वस्त, त्याच तिकिटावर त्या दिवशी बस-ट्राम फुकट. बिअर जागेवर नेता येते. इंग्लंडात वरच्या श्रेणीत मैदान दिसत असेल तिथे दारू प्यायला १९८५च्या कायद्यानं बंदी, म्हणून मध्यंतरात सगळे खालच्या बोळात घटाघट संपवतात. इथे फक्त पेल्याची अनामत आठवणीनं परत घ्या. गोल झाला की लोक पेला हवेत फेकतात, म्हणजे अनामतही गेली. माझी पहिल्याच सामन्यात तीन वेळा गेली, एकदा तर दुसऱ्याचाच पेला डोक्यात येऊन.

पण तिकीट मिळणं तितकंच कठीण. हंगामी पासवाले जागा सोडत नाहीत.

संत्रानगरी

भाऊ, मस्त लिहिलं. सप्टेंबरात पोराला घेऊन लंडनला चाललो आहे, तो दहा वर्षांचा. तिकीट कुठून काढू? एका संकेतस्थळावर मोठ्या संघाची दोन तिकिटं दिसून राहिली, तिप्पट भाव आहे पण लगेच मिळतात म्हणे.

भिंगरी

नका नका नका! आम्ही असंच एका संकेतस्थळावरून घेतलं. सामन्याच्या सकाळी कुणा भलत्याच माणसाचं खातं वापरायला सांगणारा निरोप आला, दारावर लाल दिवा, पैसे पाण्यात. नवऱ्याला वाटलं निदान तिथल्या पोलिसांकडे दाद मागू. तर कळलं की इंग्लंडात फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हाच १९९४ पासून गुन्हा आहे. आम्ही दाराबाहेर उभं राहून गलक्यावरून गोल मोजले.

पुटनीची पाटलीण

@संत्रानगरी, लंडन असेल आणि लेकरू बरोबर असेल तर फुलहॅमचं क्रेव्हन कॉटेज बघा. पुटनी ब्रिज स्टेशनला उतरायचं, बिशप्स पार्कमधून थेम्सच्या काठाकाठानं झाडांखालून चालत जायचं. आम्ही आई-बाबांना नेलं होतं, बाबांना सामन्यापेक्षा चालणं आवडलं. स्टीव्हनेज रोडकडचा स्टँड १९०५चा, वरच्या अभियंताकाकांच्या लीचनीच बांधलेला, लाकडी जागा तशाच ठेवल्यात. वारसा इमारत असल्यानं परवानगीशिवाय हात लावता येत नाही. कोपऱ्यात खरंच एक बंगली आहे, खेळाडूंचे घरचे लोक तिच्या सज्जातून सामना बघतात. मोठ्या नावाचा संघ समोर नसेल तर क्लबकडून सरळ तिकीट मिळून जातं. लहानांना सवलत असते. मोठी पाठपिशवी नेऊ नका. आणि पाहुण्या संघाचा रंग अंगावर नको, मुलाला आधीच सांगून ठेवा.

रंकाळ्याचा वारा

पाटलीणबाईंनी सांगितलं तेच करा. मी भर एवढीच घालतो: फोनवरचं तिकीट घरी असतानाच उघडून ठेवा, मैदानाजवळ चाळीस हजार लोक एकदम फोन काढतात. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी पाय विचारून घ्यावा, आणि बोव्हरिल नावाचं गरम काळं पेय चहा समजून घेऊ नये, तो गोमांसाचा अर्क असतो. आणि अर्धा तास आधी जागेवर बसा. का ते वर लिहिलंय.

शनिपाराचा शंकेखोर

बरं, एक गंभीर प्रश्न. क्लब नव्या जागी गेला. मग त्या पुरलेल्या अस्थींचं काय? वर इमारती बांधणार?

रंकाळ्याचा वारा

हीच काळजी म्हाताऱ्याला होती. त्या दिवशी तो म्हणाला, नव्या गोदीवरच्या स्टेडियमची जागा घेतलीय, पण वडिलांना हलवता येत नाही.

१८ मेला साउथॅम्प्टनविरुद्ध शेवटचा सामना झाला, दोन शून्य, दोन्ही एंडियायचे. पण त्याच्या काही दिवस आधी क्लबनं जाहीर केलं की मैदान पाडणार नाहीत, एव्हर्टनचा महिला संघ आता तिथं खेळणार. हिरवळ तशीच राहणार, कडेचे लोकही तसेच. पुरुष संघ गेला ब्रॅम्ली-मूर गोदीवर, ५२ हजारांवर खुर्च्या, खांब एकही नाही.

म्हाताऱ्याचं नाव-गाव काही विचारलं नव्हतं, नाहीतर विचारलं असतं की आता चेंडूबरोबर झुकायची सवय कशी मोडली.

मडगावकार

एव्हर्टनचे जुने खेळाडू डिक्सी डीन राहिले की! १९२७-२८च्या एका हंगामात लीगचे ६० गोल, तो विक्रम इंग्लंडात अजून कुणाला मोडता आलेला नाही. १ मार्च १९८०ला एव्हर्टन-लिव्हरपूल बघायला गुडिसनवर आले आणि तिथंच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. बाहेर पुतळा आहे ना त्यांचा? बघितलात?

रंकाळ्याचा वारा

बघितला, पण परतताना अंधारात, तेही भाचा ओढत असताना. पुतळ्यापाशी एक बाप पोराला सांगत होता, साठ. पोरगं विचारत होतं, साठ काय? बाप म्हणाला, साठ! पोरगं परत, साठ काय? तेवढ्यात आम्ही पुढं गेलो.

भिंगरी

फोटो राहिलेच. दुसऱ्यांदा मागतेय.

रंकाळ्याचा वारा

टाकलाय खाली. आतला एवढाच चांगला आलाय. मधे खांब, डावीकडे म्हाताऱ्याची टोपी, उजवीकडे पिकफर्डचा एक हातमोजा. चारपैकी एकही गोल त्यात नाही. मफलरीवरचा चहाचा डाग मात्र मोठा करून बघितला तर दिसतो.

रंकाळ्याचा भाचा

मामा!! जिन्यात होतात??